लुंबिनीची तालीम पिंगळीला

माझ्या नणंदेनं आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. तुम्ही-आम्ही लग्नं करतो, प्रवास करतो, दाढा काढून घेतो, ते सगळं एकदम अंगावर घेतो आणि मग जन्मभर हळहळत बसतो. आक्का आधी तालीम करतात. तालमीत सगळं नीट पार पडलं तरच खऱ्याला हात घालतात, आणि तोवर खऱ्याची वेळ निघून गेली तरी त्यांना फारसं वाईट वाटत नाही, कारण त्यांच्या मते मुख्य काम झालेलं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तालीम म्हणून त्या एका डोळ्यावर पट्टी बांधून घरात फिरत होत्या. पट्टी बांधली ती नेमकी चांगल्या डोळ्यावर, त्यामुळे त्यांना काहीच दिसेना. "बगा, ऑपरेशनच्या आदीच किती तरास हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि सांगताना तोंड भलतीकडेच असायचं. लेकीच्या लग्नाआधी त्यांनी शेजारच्या घराला वरपक्ष केलं आणि आमच्याकडून त्यांच्या स्वागताची तालीम करून घेतली. शेजारी इतके मनापासून वरपक्ष झाले की तालमीतच रुसून निघून गेले. खऱ्या लग्नाला ते आले नाहीत ते नाहीतच. आक्का म्हणाल्या, "चांगलंच झालं की. रुसायचं होतं ते रुसून झालं."

ही सवय त्यांना नोकरीतून लागली असावी. आक्का झरीच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्या पंचक्रोशीत आज जी माणसं मोठ्या आवाजात बोलतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला आवाज आक्कांनी काढलेला आहे, तोही पाठीत चापट मारून. बाळंतीण यायच्या आधी सगळं मांडून बघायचं आणि काम झालं की सगळं उकळून, पुसून, कोरं करून ठेवायचं, ही त्यांची शिस्त. नोकरी संपली, शिस्त राहिली. आजही त्यांच्या घरी चहा प्यायला तर शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप धुऊन फळीवर गेलेला असतो. एकदा एक पाहुणे बशीत चहा ओतून घेत होते, तर त्यांच्या हातात नुसती बशी राहिली आणि कप विसळला जायला लागला.

मी पेडगावची. मॅट्रिक पास होऊन या घरात आले तेव्हा माझा असा समज होता की सासरची सगळी माणसं माझ्याकडून काहीतरी शिकायला टपून बसलेली आहेत. येताना ट्रंकेत दोन साड्या कमी घेतल्या होत्या आणि पुस्तकं भरली होती. त्या पुस्तकांचा उपयोग पुढं खाटेच्या खुराखाली झाला. असल्या शहाण्या नवरीला आक्कांनी पहिल्याच दिवशी भाकरीची तालीम करायला लावली. पिठाची नव्हे, मातीची. "आदी मातीच्या थाप, हात बसला की पीठ घे." मी नाक मुरडत थापल्या. वाईट हे की मातीच्या चांगल्या झाल्या आणि पिठाच्या फाटल्या. तेव्हापासून त्या मला नावानं हाक मारत नाहीत, नवरीबाई म्हणतात. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, माझ्या नातीच्या लग्नाच्या गोष्टी निघायला लागल्या, तरी मी नवरीबाईच. एकदा म्हटलं, "आक्का, आता तरी नाव घ्या की." तर म्हणाल्या, "थांब की. तुझी तालीमच चालू हाय अजून."

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी त्यांनी झरीहून परभणीच्या दवाखान्यापर्यंत जायची तालीम केली. टेम्पो ठरवला, वाटेतले खड्डे मनात बसवून घेतले आणि माझ्या जागी ज्वारीचं पोतं बसवलं. पोत्याला उशी दिली, अंगावर लुगडं टाकलं. माझं वय ते किती, आणि अक्कल त्याहून कमी. मी दाराआडून बघत होते आणि मला रडू यायला लागलं, कशाचं, तर ते पोतं माझ्यापेक्षा रुंद होतं याचं. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. आणि खऱ्या दिवशी मी कळा देत दारात उभी, तर टेम्पोवाला विचारतो, "बाई, पोतं कुठाय?" फोनचं तर विचारूच नका. चौकातल्या फोनवर यांच्या वडलांचा आवाज आला की मी आधी डोक्यावरून पदर घ्यायची, मग 'हां' म्हणायची. पलीकडे सासऱ्यांना पदर दिसतो अशी माझी मॅट्रिक पास समजूत होती. अशा बाईला म्हातारपणी दुसऱ्या देशातला टॅब चालवून द्यावा लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी पदर आणखी पुढं ओढला असता.

तर तो टॅब. त्याची गोष्ट आक्कांपासून नाही, त्यांच्या धाकट्या भावापासून सुरू होते. धाकटा भाऊ म्हणजे माझे यजमान. ते शाळेत शिक्षक होते म्हणून गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही गुरुजी म्हणते, फक्त आक्का बाबू म्हणतात. या बहीणभावांचा लुंबिनीला जायचा बेत फार जुना. लहानपणी झरीच्या विहारात बुद्धजन्माचं एक रंग उडालेलं चित्र होतं, त्यातली झाडाची फांदी धरून उभी असलेली मायादेवी बघून बाबूनं विचारलं होतं, "आक्का, ते झाड कुठाय?" आक्कांनी "लय लांब" असं सांगितलं आणि मोठेपणी नेईन असा शब्द दिला. मग शिक्षण, नोकऱ्या, पोरंबाळं, दोन्हीकडची आजारपणं, असं करत करत मोठेपण कधी येऊन गेलं ते दोघांनाही कळलं नाही. शेवटी आमच्या विहारातल्या मंडळींनी सहल काढली. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं बस. भावाबहिणीनं नावं दिली, आणि आक्कांनी अर्थातच तालीम काढली.

ती तालीम रेल्वेच्या डब्यात चढण्याची होती. अंगणात सिमेंटचा ठोकळा, त्यावर स्टूल, हाताशी दांडा म्हणून दाराची चौकट. गुरुजी खांद्याला पिशवी अडकवून चढले. आक्का गार्डासारख्या ओरडल्या, "चल, शिट्टी झाली!" स्टूल हललं, गुरुजी खाली आले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, लोखंड बसलं, वॉकर म्हणतात त्या काठीच्या चौकटीला धरून घरातल्या घरात चालायला लागले, पण डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. गुरुजी उलट आक्कांनाच समजावत होते, "तालमीत पडलो ते बरं झालं की, आक्का. खऱ्या गाडीतून पडलो असतो तर?" आक्का हसल्या नाहीत. त्यांनी सहलीतून नाव काढायला सांगितलं. त्या दिवसांत त्या आमच्या घरी रोज यायच्या, बसायच्या, आणि कप न धुता निघून जायच्या. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

तोड गुरुजींनीच काढली. "तू जा. तुझ्याकडं पोरीनं दिलेला टॅब हाय. तिथून दाव मला. मी हितं बसून बगतो." आक्कांनी बराच वेळ भावाच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दावीन. पर नीट दावीन. तालीम करून." सहलीत त्यांचं नाव परत घातलं, आणि आमच्या घरात पुन्हा जीव आला.

अडचण अशी की व्हिडिओ दाखवायचा तर नेट पाहिजे, आणि परदेशात आपलं नेट चालेल याची खात्री नाही. आक्कांची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं सांगितलं, नेपाळचं ई-सिम घेऊ. दुकानात मिळत नाही, हातात येत नाही, मेलवर नुसती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट येते. ती टॅबच्या कॅमेऱ्याला दाखवली की सिम आत जातं. मला काही कळलं नाही, पण आक्कांना लगेच कळलं. "म्हंजे लशीसारखं. हातात काई राहात न्हाई, पर आंगात गेलेलं आस्तं."

लस टोचायला आम्ही तिघं दुपारचं जेवण उरकून बसलो. चौकट टॅबवर आली होती, आणि ती टॅबच्याच कॅमेऱ्याला दाखवायची होती. कॅमेरा उघडला की चौकट गायब, चौकट उघडली की कॅमेरा बंद. गुरुजी म्हणाले, "आरसा आण." मी कपाटावरचा आरसा काढून आणला. आक्का टॅब धरून, मी आरसा धरून, आणि टॅबमध्ये काय दिसलं, तर तीन म्हातारे तोंड वासून बघतायत. शेवटी मीच म्हटलं, "अहो, पोरीला म्हणावं चौकट माझ्या फोनवर पाठव." पाठवली. मी फोन छातीशी धरून उभी राहिले, आक्कांनी टॅब माझ्यावर रोखला.

"हलू नको, नवरीबाई."

मी पदर सारखा केला आणि हसले.

"आगं हसायलीस कामून? तुझा फोटो न्हाई काढायले मी!"

काय करणार, कुणी समोर कॅमेरा धरला की मी अजून अठरा वर्षांची होते. एक गोल फिरला, थांबला, आणि सिम आत गेलं. त्याला नाव द्या असं टॅबनं विचारलं. आक्कांनी एका बोटानं 'बाबू' असं लिहिलं. मग वर कोपऱ्यात बघितलं तर नेटच्या रेघा नाहीत. लेकीला फोन लावला.

"आगं, मेलेलं हाय हे."

"आई, झोपलंय ते. नेपाळच्या टॉवरखाली गेल्यावर जागं होईल. तोवर त्याला काहीही करू नकोस."

"मी कशाला काय करू?" असं म्हणून आक्कांनी फोन ठेवला.

आता तालीम. ती घरात करून कसं चालेल? प्रवास पाहिजे. म्हणून एका सकाळी पांढरी साडी नेसून, पिशवीत पाण्याची बाटली आणि टॅब घालून आक्का परभणीहून पॅसेंजरनं जवळच्याच पिंगळी स्टेशनला गेल्या. टॅबला स्वतःच्या फोनचं नेट जोडलं. इकडे मी गुरुजींना खुर्चीत बसवून त्यांच्यासमोर माझा फोन तांब्याला टेकवून ठेवला. फोन वाजला.

"जयभीम. बाबू, दिसायलंय का?"

"दिसायलंय."

"काय दिसायलंय?"

"तुझा आंगठा."

आंगठा बाजूला झाला. पिंगळीचं स्टेशन दिसलं, एक बाकडं दिसलं, मग चित्र आभाळाला जाऊन परत आलं आणि एका पाण्याच्या टाकीवर स्थिरावलं.

"ह्यो अशोकस्तंभ समज."

"समजलो. त्याच्यावर काईतरी लिव्हलेलं दिसायलंय." गुरुजींनी चष्मा पुसला. "पाणी जपून वापरा."

"सम्राटानं लिव्हलंय समज."

"चांगलं लिव्हलंय," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात चित्रात एक मुंडासं डोकावलं. "मावशी, कुणाला दावायल्या टाकी?"

"भावाला."

"आन् भावानं कदी टाकी बगितली न्हाई व्हय?"

आक्कांनी त्याला बाजूला केला आणि एका डबक्याकडे वळल्या. त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. "आन् ही पुष्करणी. मायादेवीनं हितं आंघूळ केली." मग एक मालगाडी आली, तिच्या धडधडाटात आक्कांचे नुसते ओठ हलत राहिले, आणि मालगाडी संपेपर्यंत गुरुजी डोळे मिटून, हात जोडून बसले. त्या टाकीला. मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर आला. गुरुजींनी एक डोळा उघडला. "तालीम हाय म्हणून काय झालं? नीट कर." माझं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांना ती टाकी दिसतच नव्हती.

पिंगळीची तालीम अशी यशस्वी झाली. आक्का परत आल्या, पिशवी झटकली, साडी धुवायला टाकली, बाटली उलटी करून वाळत ठेवली, आणि टॅब पुसला. बाहेरून आणि आतून.

निघायच्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या. गाडी दुपारची होती. "चल नवरीबाई, उभी राहा फोन घेऊन. आता खरं." मी उभी राहिले. या वेळी हसलेही नाही. टॅबनं चौकट बघितली, गोल फिरवला आणि लाल अक्षरात काहीतरी लिहिलं. आक्कांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. गुरुजींनी वाचलं, "हा कोड आदीच वापरलेला हाय म्हणतंय." लेकीला फोन लावला.

"आई, आत टाकलेलं सिम कुठंय?"

"तालीम झाली, मंग काढून टाकलं. कोरं करून ठेवलं."

मग लेक अगदी हळू म्हणाली, "आई, ते एकदाच आत जातं गं. काढलं की संपलं. टोचलेली लस परत बाटलीत भरता येते का?"

आक्कांनी फोन खाली ठेवला आणि आमच्या खाटेवर बसल्या. भावाच्या पायाकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं मी त्यांना भीत आले, त्यांच्यावर चिडत आले, त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत आले. त्या एवढ्याशा दिसतील असं कधी वाटलं नव्हतं.

"मी जात न्हाई," त्या म्हणाल्या. "तालमीनंच ह्याला पाडलं. आन् जे ह्याला दावायचं, ते बी तालमीनंच घालवलं."

"आक्का, तू जाऊन ये. न्हाई दिसलं तर आल्यावर सांग मला," गुरुजी म्हणाले.

"सांगून काय हुतंय? सांगितलेलं तर जल्मभर ऐकायलाच लागलास तू."

मी उगीच भांडी हलवत राहिले. तासाभरात लेकीचा फोन आला की नवीन घेतलंय, चौकट पाठवलीय, आता नीट करा. आक्का टॅबला हातच लावेनात. "घरात घातलं तर मला ऱ्हावणार न्हाई. वाटंत काईतरी बगावं वाटंल." त्यांचं त्यांना माहीत होतं. मग ठरलं असं की स्टेशनजवळच्या दुकानात चौकट कागदावर छापून घ्यायची, कागद पिशवीत ठेवायचा, आणि सीमेवर, जिथवर आपल्या फोनचं नेट चालतं तिथवर गेल्यावर, एकदाच काय ते करायचं. लेकीनं मला सगळं दोनदा समजावून सांगितलं, कारण त्या वेळी ती कामात असणार होती. म्हणजे आंतरराष्ट्रीय दळणवळणाची जिम्मेदारी पदर घेऊन फोनवर 'हां' म्हणणाऱ्या बाईवर आली.

सोनौलीहून फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत होते.

"नवरीबाई, समोर कमान दिसायलीय. पलीकडं नेपाळ. मी चहाच्या टपरीवर बसलेय."

"कागद काढा, आक्का."

"काढला."

"फोनचं नेट टॅबला जोडलंत का, पिंगळीला जोडलं होतं तसं?"

"जोडलं."

"आता टॅब कागदावर धरा."

ट्रकांच्या आवाजात कागद फडफडलेला ऐकू आला. मग आक्का म्हणाल्या, "हात हलायलाय गं."

अंधारात, पावसात, खाटल्यावर, बैलगाडीत, कुठंही बाळंतपण करताना ज्या बाईचा हात हलला नव्हता, तिनं असं म्हटलं. पाठीमागून बायकांच्या हाका ऐकू आल्या, बस सुटायली म्हणून.

"बायका बोलवायल्यात. ऱ्हाऊ दे का?"

"बोलवू द्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला आक्कांसारखा वाटला. "बाळंतीण सोडून कदी उठला होता का तुमी? मंग आता कामून उठता? टपरीच्या फळीवर कोपर टेका. श्वास सोडा. धरा."

"…फिरायलंय."

"फिरू द्या."

"अजून फिरायलंय."

"बोट लांब ठेवा."

"थांबलं. घातलं म्हणतंय. आत गेलं म्हणतंय!" मग पलीकडे कुणालातरी त्यांनी सांगितलं, "सुखरूप." बहुतेक चहावाल्याला.

"आता ते रोमिंगचं बटण चालू करा."

"रोमिंग बंद ठिव म्हणून आख्खं जग सांगतंय."

"आजच्या दिवस चालू. आन् आक्का, आता एक करा. काईच करू नका. पुसायचं न्हाई, उकळायचं न्हाई. पिशवीत घाला आन् हात बांधून बसा."

"लय बोलायला शिकलीस नवरीबाई," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पहाटेपासूनच दाढी करून, पांढरा सदरा घालून तयार. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतं हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून मनगटावरचं घड्याळही पुढं करून घेतलं. दूधवाला आला तर म्हणाले, उशीर केलास. मी फोन तांब्याला टेकवला.

वाजला. आधी आंगठा. मग आंगठा बाजूला झाला.

पिंगळीला आक्कांचं तोंड सुरू होतं. इथं त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसतं, "बाबू, बग." लोखंडी कुंपणाआड उभा असलेला तो खांब, खालून वरपर्यंत, मग वरून खालपर्यंत, अगदी सावकाश. मग तळं, शांत. मग एक भलंमोठं झाड आणि त्याच्यापासून लांबवर गेलेल्या रंगीबेरंगी पताकांच्या दोऱ्या. चित्र हलत नव्हतं. आक्कांचा हात आता हलत नव्हता. गुरुजी खुर्चीत पुढं सरकत सरकत इतके पुढं आले की मी मागून सदरा धरून ठेवला.

मग एक पांढरी इमारत आली आणि दाराशी आक्का थांबल्या. कुणीतरी हिंदीत काही सांगत होतं. आक्का म्हणाल्या, "बाबू, जल्मले ती जागा आत हाय. पर आत फोटो, व्हिडिओ काई चालत न्हाई म्हणायलेत."

आक्कांच्या मागून आमच्या विहारातल्या बायका चपला काढून आत जात होत्या.

"मी बी न्हाई जात मंग," आक्का म्हणाल्या. "तुला दावायला आले, आन् तू बाहेर, मी आत, हे बरं दिसत न्हाई."

"आक्का," गुरुजी म्हणाले, "तू चपला काड."

"आन् तू?"

"मला चपलांपाशी ठिव. कुणीतरी चपला सांभाळायला थांबावंच लागतंय की."

आक्कांनी टॅबकडे, म्हणजे आमच्याकडे, पाहिलं. मग चित्र हेलकावलं, खडखड झाली, आणि स्थिर झालं. चपला ठेवायच्या फळीवर त्यांनी टॅब उभा केला होता. एका बाजूला त्यांची रबरी चप्पल, कडेला कुणाचे तरी बूट, आणि मधून दिसणारा आभाळाचा तुकडा, एक पताका, येणारे-जाणारे अनवाणी पाय. "बस. आलेच," आक्कांचा आवाज आला, आणि त्यांचे पाय दूर गेले.

गुरुजी बसले. मी चहा आणला तर हातानंच नको म्हणाले, नजर काढली नाही. भिक्खूंचे पाय गेले, लहान पोरांचे गेले, एक कुत्रं आलं आणि आक्कांच्या चपलेला नाक लावायला लागलं. "हाड!" गुरुजी इतक्या जोरात ओरडले की आमच्या फाटकातली शेळी उठून पळाली. आणि खरं सांगते, त्या कुत्र्यानं मान वर करून पाहिलं, आणि ते गेलं. गुरुजी पुन्हा ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, रांगेत आपली माणसं आत गेलीत आणि आपण बाहेर राहिलोय असं कुणी बसावं तसे. आतून पठणाचा आवाज अंधुक येत होता. त्यांचे ओठ हलत होते.

आक्का बऱ्याच वेळानं आल्या. टॅब उचलला नाही. तिथंच खाली बसल्या असाव्यात, कारण चित्रात फक्त त्यांचा पांढरा पदर आणि एक गुडघा दिसत होता. डोळे पुसल्याचा आवाज येतो का? मला तर आला.

"हाईस का, बाबू?"

"हाय की."

आत काय पाहिलं ते आक्कांनी सांगितलं नाही आणि गुरुजींनी विचारलं नाही. मी चहाचा गार झालेला कप उचलला आणि आत गेले, धुतला, पुसला, फळीवर ठेवला, आणि पुन्हा खाली काढून पुन्हा धुतला.

परवा विहारात एक पाहुणे आले होते, त्यांनी गुरुजींना विचारलं, "तुम्ही लुंबिनीला गेला आहात का हो?" गुरुजी म्हणाले, "जाऊन आलो. आत न्हाई गेलो. चपलांपाशी बसलो होतो." पाहुण्यांनी त्यांच्या काठीच्या चौकटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. शेजारी आक्का बसल्या होत्या. जगात कुणी काही चुकीचं बोललं की जिथल्या तिथं दुरुस्त करणारी ही बाई. त्यांनी पदर सारखा केला.

"व्हय, होता की," त्या म्हणाल्या. "तो बाहेर होता, म्हणून तर मी आत निवांत बसले."